टॉडमॉर्डनचा माणूस लँकेशायरचा की यॉर्कशायरचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतील एका सूतगिरणीत 1870 च्या दशकात काम केलेल्या एका इंग्रज फिटरचे चरित्रटिपण आपण तयार करीत आहात. त्याचा जन्म 1839 च्या सुमाराचा. टॉडमॉर्डन हे उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर व यॉर्कशायर या दोन काउंट्यांच्या, म्हणजे जुन्या प्रशासकीय विभागांच्या, सीमेवरचे शहर. सरकारी जन्मनोंदीच्या सूचीत त्याचे नाव टॉडमॉर्डन जिल्ह्याखाली, पण यॉर्कशायरच्या खंडात सापडते. 1851 च्या जनगणनेत तो विधवा आईबरोबर लँगफील्ड येथे राहताना दिसतो, मात्र त्याचे जन्मस्थान ‘लँकेशायर, टॉडमॉर्डन’ असे लिहिले आहे. आईवडिलांचे लग्न हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये झालेले आहे, आणि 1843 मध्ये वारलेल्या वडिलांचे मृत्युपत्र यॉर्कच्या सूचीत शोधूनही मिळत नाही. यांपैकी कोणती नोंद खरी मानावी आणि टिपणात जन्मस्थान काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते या चारही नोंदी एकाच वेळी खऱ्या असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. त्या एकमेकींना खोटे पाडत आहेत असे वाटते, याचे कारण आपण त्यांना एकच प्रश्न विचारत आहोत: हे गाव कोठे आहे? प्रत्यक्षात जन्मनोंद करणारे कार्यालय, जनगणनेचा प्रगणक, चर्चचा पाद्री आणि मृत्युपत्र प्रमाणित करणारे धर्मन्यायालय यांपैकी प्रत्येकाचा नकाशा वेगळा होता आणि त्या नकाशांच्या रेषा एकमेकींशी जुळत नव्हत्या. उत्तर इंग्लंडमधील नोंदी शोधण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. या भागातील कुटुंबाचा कागद हाती आला की ‘कोणते गाव’ याच्या आधी मी ‘कोणती टाउनशिप’ हे पाहतो, कारण सगळे नकाशे बदलत असताना बराच काळ स्थिर राहिलेला तुकडा तोच आहे.

येथे टाउनशिप म्हणजे आजची गृहवसाहत नव्हे. आपल्याकडच्या जुन्या कागदांत मौजे, तर्फ आणि परगणा अशी उतरंड असते. तिच्यातील मौजाला जे स्थान आहे, साधारण तेच उत्तर इंग्लंडमध्ये टाउनशिपला होते. तिच्यात एक खेडे असे, कधी अनेक वाड्या असत, आणि पुढे तिच्यातच गिरण्यांचे शहर उभे राही.

टॉडमॉर्डन हे शहर तीन टाउनशिपांच्या सांध्यावर वाढले. कॅल्डर नदी आणि तिला मिळणारा वॉल्सडेनचा ओढा यांच्या काठाने लँकेशायर व यॉर्कशायर यांची जुनी सीमा जात असे. एका बाजूला ‘टॉडमॉर्डन व वॉल्सडेन’ ही टाउनशिप होती. ती लँकेशायरच्या सॅल्फर्ड हंड्रेडमध्ये (हंड्रेड म्हणजे काउंटीचा पोटविभाग) आणि रोचडेलच्या प्राचीन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील क्षेत्र) मोडत होती. पलीकडे लँगफील्ड आणि स्टॅन्सफील्ड या टाउनशिपा यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या विभागात आणि हॅलिफॅक्सच्या पॅरिशमध्ये होत्या. म्हणजे ओढ्यावरचा पूल ओलांडला की माणसाची काउंटी, पॅरिश, बिशप आणि न्यायाधीश हे सारेच बदलत असे. बाजार, गिरणी आणि नातेवाईक मात्र तेच राहत. शहराचे 1875 मध्ये उघडलेले सभागृह या ओढ्यावरच बांधलेले आहे आणि जुनी सीमा त्याच्या पोटातून जात होती. त्याच्या दर्शनी त्रिकोणातील शिल्पात लँकेशायरच्या बाजूला कापसाची कताई व विणाई, तर यॉर्कशायरच्या बाजूला शेती व यंत्रकाम कोरले आहे. आपल्या फिटरचे घराणे यांपैकी कोणत्या बाजूचे, हे ठरवण्यास त्या शिल्पाचा काहीच उपयोग नाही. कापसाच्या गिरण्या दोन्ही काठांवर होत्या.

पॅरिश आणि टाउनशिप यांच्यातील हे अंतर दक्षिण इंग्लंडच्या अभ्यासकांना अनेकदा लक्षात येत नाही. दक्षिणेत सुपीक, दाट वस्तीच्या मुलखात एक गाव, एक चर्च, एक पॅरिश अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी होती. पेनाइन डोंगरांत जमीन नापीक, वस्ती विरळ आणि चर्चला पोसण्याइतके उत्पन्न थोडे, त्यामुळे एकेक पॅरिश अवाढव्य पसरली. हॅलिफॅक्सची पॅरिश इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या पॅरिशांपैकी होती. तिच्यात वीसहून अधिक टाउनशिपा होत्या, आणि हेप्टनस्टॉल व एलँड येथील दुय्यम चर्चे आपापल्या भागाचे बरेचसे काम पाहत. लँकेशायरमधील व्हॉलीची पॅरिश याच जातीची. 1601 च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली, तेव्हा इतक्या मोठ्या क्षेत्रावर एकच कर बसवून तो वाटणे अशक्य आहे हे उत्तरेत लवकरच कळून आले. म्हणून 1662 च्या कायद्यात लँकेशायर, चेशायर, डर्बीशायर, यॉर्कशायर, नॉर्थम्बरलँड, डरहॅम, कंबरलँड आणि वेस्टमोरलँड यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील टाउनशिपांना आपापले गरीब स्वतंत्रपणे पोसण्याची मुभा दिली गेली. तेव्हापासून गरिबांसाठीचा कर, तो गोळा करणारा ओव्हरसीअर, कॉन्स्टेबल आणि कोणाला कोठल्या टाउनशिपने पोसायचे याचे तंटे हा सगळा कारभार टाउनशिपच्या पातळीवर चालला. पॅरिश उरली ती मुख्यतः बाप्तिस्मा, लग्न, दफन आणि चर्चचे कर यांपुरती.

आता आपल्या पहिल्या नोंदीकडे येऊ. 1834 च्या नव्या पुअर लॉने, म्हणजे गरिबांच्या पोषणाच्या कायद्याने, अनेक पॅरिशा व टाउनशिपा एकत्र करून ‘युनियन’ बनवण्याचे ठरवले, आणि 1 जुलै 1837 पासून सुरू झालेल्या सरकारी जन्म, विवाह व मृत्यू नोंदणीसाठी याच युनियनांच्या हद्दी जिल्हे म्हणून वापरल्या गेल्या. युनियन आखताना आयुक्तांनी काउंटीची सीमा पवित्र मानली नाही; बाजारपेठेचे शहर आणि त्याभोवतीचा परिसर हा त्यांचा निकष होता. टॉडमॉर्डन युनियनमध्ये सहा टाउनशिपा आल्या: टॉडमॉर्डन व वॉल्सडेन, लँगफील्ड, स्टॅन्सफील्ड, हेप्टनस्टॉल, एरिंगडेन आणि वॉड्सवर्थ. यांपैकी फक्त पहिली लँकेशायरची. सहांपैकी पाच यॉर्कशायरच्या असल्यामुळे संपूर्ण जिल्हा नोंदणीच्या सोयीसाठी यॉर्कशायरमध्ये धरला गेला आणि त्याच्या नोंदी यॉर्कशायरच्या खंडांत बांधल्या गेल्या. म्हणून सूचीतील ‘यॉर्कशायर’ हा शब्द आपल्या फिटरच्या जन्मघराविषयी काहीही सांगत नाही. नोंदवही कोणत्या कपाटात ठेवली गेली, एवढेच त्यावरून समजते. सूचीवर थांबू नये, प्रमाणपत्राची प्रत मागवावी. तिच्यात उपजिल्हा असतो आणि जन्मठिकाणाच्या रकान्यात बहुधा वाडीचे किंवा टाउनशिपचे नाव असते.

याच युनियनच्या बाबतीत टाउनशिपचा अभिमान किती खरा होता हे दाखवणारा एक प्रसंग घडला. खासदार आणि गिरणीमालक जॉन फील्डन नव्या पुअर लॉचा कट्टर विरोधक होता, आणि त्याच्या प्रभावाखालील टॉडमॉर्डन व वॉल्सडेन आणि लँगफील्ड या दोन टाउनशिपांनी युनियनच्या मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून देण्यास नकार दिला. युनियनने मागितलेले पैसे लँगफील्डच्या ओव्हरसीअरने भरले नाहीत, म्हणून नोव्हेंबर 1838 मध्ये त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणण्यासाठी हॅलिफॅक्सहून दोन कॉन्स्टेबल मँकिनहोल्स या वाडीत आले, तेव्हा जमावाने त्यांना मारहाण करून पिटाळले. काही दिवसांनी युनियनच्या समर्थकांच्या घरांवर हल्ले झाले आणि सैन्य बोलवावे लागले. युनियनचे स्वतःचे नवे वर्कहाउस (गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेण्याची जागा) 1870 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधले गेले नाही. हे सांगण्याचा हेतू एवढाच की, 1839 मध्ये येथे जन्मलेल्या मुलाच्या आईबापांच्या दृष्टीने ‘लँगफील्ड’ हे निव्वळ नकाशावरचे नाव नव्हते. जनगणनेत किंवा चर्चमध्ये ते सांगितले गेले असेल, तर मोठ्या शक्यतेने विचारपूर्वक सांगितलेले असते.

जनगणनेची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. 1851 च्या फॉर्मच्या माथ्यावर पॅरिश किंवा टाउनशिप, चर्चचा जिल्हा, शहर, खेडे असे वेगवेगळे रकाने आहेत. संगणकीय सूची तयार करणारे लोक ते सहसा गाळतात आणि त्याऐवजी नोंदणी जिल्ह्याची काउंटी चिकटवतात. आपण मूळ पानाचे चित्र पाहिले असावे असे आपल्या वर्णनावरून वाटते. नसल्यास ते आधी पाहावे. प्रगणकाने राहण्याचे ठिकाण लँगफील्ड लिहिले आणि जन्मस्थानापुढे लँकेशायर लिहिले, म्हणजे त्याला किंवा त्या आईला सीमेचे भान होते. सर्वसाधारणपणे त्या काळी शहराबाहेरचा माणूस दोन्ही काठांना ‘टॉडमॉर्डन’च म्हणे, पण स्थानिक माणूस काउंटी सहसा चुकत नसे. आणखी एक तपासणी करता येईल. 1841 च्या जनगणनेत जन्मगाव विचारलेले नाही, मात्र ‘याच काउंटीत जन्म झाला काय’ असा हो-नाहीचा रकाना आहे. ते कुटुंब 1841 मध्येच लँगफील्डला राहत असेल आणि मुलापुढे ‘नाही’ असेल, तर जन्म लँकेशायरमध्ये झाला याला दुसरा आधार मिळतो. ते ओढ्याच्या लँकेशायर काठावर राहत असतील आणि मुलापुढे ‘हो’ असेल, तर निष्कर्ष तोच. मात्र हा रकाना अनेक प्रगणकांनी सवयीने भरलेला आहे. एका पानावर सलग सगळ्यांपुढे एकच उत्तर दिसले तर त्यावर फार भार टाकू नये.

लग्न हॅलिफॅक्सला झाले म्हणून कुटुंब हॅलिफॅक्स शहरातले, असे समजण्याचे कारण नाही. 1754 पासून 1837 पर्यंत क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू यांच्याखेरीज सर्वांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच कायदेशीर विवाह करावा लागे. टॉडमॉर्डनच्या दरीत मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि युनिटेरियन या वेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक फार होते, पण लग्नासाठी त्यांनाही पॅरिशचे चर्च गाठावे लागे. लँगफील्डची वधू डोंगर उतरून हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चमध्ये किंवा त्याहून जवळच्या हेप्टनस्टॉलला लग्न लावत असे. हॅलिफॅक्सच्या नोंदवहीत वधूवरांच्या नावापुढे पुष्कळदा टाउनशिप दिलेली असते. तिथे वधू लँगफील्डची आणि वर टॉडमॉर्डनचा निघाला, तर वडील वारल्यावर आई मुलांना घेऊन आपल्या माहेरच्या बाजूला परतली, हा 1851 चा उलगडा आपोआप होतो. ही अर्थात माझी अटकळ आहे, पण अशी कुटुंबे मी अनेक पाहिली आहेत. मुलाचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये सापडला नाही तर वेगळ्या पंथांच्या नोंदवह्या पाहाव्यात. सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर त्यांपैकी बऱ्याच सरकारजमा झाल्या आणि आज लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, पण आपल्या फिटरचा जन्म त्यानंतरचा असल्याने त्याच्याऐवजी मोठ्या भावंडांच्या नोंदी तिथे मिळण्याची शक्यता अधिक आहे.

वडिलांचे मृत्युपत्र यॉर्कला न सापडणे हा पुरावा आहे, अडचण नव्हे. 12 जानेवारी 1858 पूर्वी इंग्लंडमध्ये मृत्युपत्रे धर्मन्यायालयांत प्रमाणित होत, आणि कोणते न्यायालय हे मृताच्या राहण्याच्या ठिकाणावर व मालमत्तेवर अवलंबून असे. हॅलिफॅक्स पॅरिशमधील माणसाचे मृत्युपत्र सामान्यतः यॉर्कच्या न्यायालयात जाई, आणि ती आज यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. रोचडेल पॅरिश मात्र 1541 मध्ये स्थापन झालेल्या चेस्टरच्या बिशपच्या क्षेत्रात होती. 1843 मध्ये मँचेस्टरचे स्वतंत्र बिशपक्षेत्र अस्तित्वात यायला अजून चार वर्षे होती. तेव्हा वडील टॉडमॉर्डन व वॉल्सडेनचे रहिवासी असतील, तर त्यांचे मृत्युपत्र चेस्टरच्या न्यायालयाच्या नोंदींत शोधले पाहिजे, आणि त्यांतील लँकेशायरवासीयांची मृत्युपत्रे प्रेस्टन येथील लँकेशायर अर्काइव्ह्जमध्ये ठेवलेली आहेत. एक अपवाद लक्षात ठेवावा: दोन्ही बिशपक्षेत्रांत उल्लेखनीय मालमत्ता असेल तर प्रकरण यॉर्कच्या आर्चबिशपच्या वरिष्ठ न्यायालयाकडे जाऊ शकत होते. ओढ्याच्या दोन्ही काठांवर मालमत्ता असलेल्या माणसाला हा नियम सहज लागू होई. आपण यॉर्कची सूची पाहिलीच आहे, म्हणून ही शक्यता सध्या मागे ठेवता येईल. अर्थात मजुराने मृत्युपत्र केलेच असेल असे नाही. बहुतेकांनी केलेले नसे. प्रेस्टनला ते सापडले, तर मात्र वडिलांच्या राहण्याचा प्रश्न एकाच कागदाने मिटेल.

जमिनीचे कागद पाहायचे असतील तर सीमा पुन्हा आड येते. वेस्ट रायडिंगमध्ये 1704 पासून वेकफील्ड येथे खरेदीखते व गहाणखते नोंदवण्याचे कार्यालय होते, लँकेशायरमध्ये तसे कार्यालयच नव्हते. आईच्या माहेरची लँगफील्डमध्ये मालकीची जमीन असेल तर वेकफील्डला तिचा गोषवारा मिळू शकतो. वडिलांचे घर लँकेशायरच्या काठावर असेल तर दस्त खाजगी कागदपत्रांत टिकला असला तरच मिळेल. वेकफील्डची नोंदणीही सक्तीची नव्हती, मॅनरच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, प्रथेने धारण केलेल्या जमिनी आणि 21 वर्षांपर्यंतचे साधे भाडेपट्टे तिच्याबाहेर होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या गिरणीकामगारासाठी या वाटेने जाणे सहसा फलदायी नसते, म्हणून ती मी शेवटी ठेवीन.

येथवरचा क्रम एकत्र सांगायचा तर: आधी जन्मप्रमाणपत्राची प्रत, मग 1841 चे मूळ पान, मग लग्नाच्या नोंदीतील टाउनशिप, आणि त्यानंतर प्रेस्टन. सोबत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑर्डनन्स सर्व्हेने काढलेला मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा उघडा ठेवावा. तो नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात टाउनशिपांच्या हद्दी दाखवलेल्या आहेत. प्रमाणपत्रातील वाडीचे नाव त्यावर सापडले की काउंटीचा वाद उरत नाही.

टिपणात काय लिहावे, हे दोन गोष्टींवर ठरेल: वरील तपासात टाउनशिप कोणती निघते, आणि वाचकाला आजचे ठिकाणही कळावे अशी आपली इच्छा आहे का. टाउनशिप टॉडमॉर्डन व वॉल्सडेन निघाली, तर मी ‘जन्म: टॉडमॉर्डन व वॉल्सडेन टाउनशिप, रोचडेल पॅरिश, लँकेशायर, आज कॅल्डरडेल, वेस्ट यॉर्कशायर’ असे लिहीन. नुसते ‘टॉडमॉर्डन, यॉर्कशायर’ हे 1839 साठी चुकीचे ठरेल. संपूर्ण शहर यॉर्कशायरमध्ये आले ते 1888 च्या लोकल गव्हर्नमेंट कायद्यामुळे, जो 1889 मध्ये अंमलात आला. एकच शहरी क्षेत्र दोन काउंट्यांत पसरलेले असेल तर 1881 च्या जनगणनेनुसार ज्या काउंटीत अधिक लोकवस्ती असेल तिच्यात ते घालावे, असा त्याचा नियम होता, आणि टॉडमॉर्डनची अधिक वस्ती यॉर्कशायरच्या काठावर निघाली. 1896 मध्ये शहराला नगरपालिकेची सनद मिळाली, 1 एप्रिल 1974 रोजी ते कॅल्डरडेलमध्ये विलीन झाले. चर्चची क्षेत्रे आणि टपालाचे विभाग या बदलांच्या मागे धावले नाहीत. वेस्ट यॉर्कशायरमधल्या या शहराचा पोस्टकोड आजही ऑल्डमचा, म्हणजे ओएल 14 आहे.

हेच सूत्र जसेच्या तसे सर्व उत्तरेला लावू नये. सॅडलवर्थमध्ये गुंता उलटा आहे: काउंटी यॉर्कशायर, पण चर्चचा संबंध रोचडेलशी, आणि 1974 नंतर ग्रेटर मँचेस्टर. मॉस्ली तर लँकेशायर, चेशायर आणि यॉर्कशायर या तिन्हींत होते. नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावरील होली आयलंड 1844 पर्यंत डरहॅम काउंटीचा भाग होते. प्रत्येक ठिकाणी टाउनशिप आधी शोधावी लागते, पुढचा मार्ग मात्र वेगळा निघतो.

मुंबईच्या बाजूने एक गोष्ट सुचवतो. बॉम्बे प्रेसिडेन्सीतील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या प्रती इंडिया ऑफिसकडे लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दफनाच्या नोंदीत वय आणि व्यवसाय मिळेल, जन्मगाव बहुधा मिळणार नाही. आपल्या फिटरने मुंबईत लग्न केले असेल, तर विवाहाच्या नोंदीत वडिलांचे नाव असते. ते नाव 1843 च्या मृत्यूशी जुळते का, हे आधी पाहावे, कारण या दरीत तीच ती आडनावे आणि तीच ती पहिली नावे शेकडो घरांत आढळतात, आणि भलत्याच घराची टाउनशिप शोधण्यात वेळ जाऊ शकतो.